व्याह्यांना कुठं बसवायचं

ताकाओकातल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या एका कंपनीत हिरोबुमी नुकादांनी छत्तीस वर्षं नोकरी केली आणि छत्तीस वर्षांत एकही खिडकी बनवली नाही. ते माणसं बसवत. कोणता पाहुणा कोणत्या खुर्चीत, दारापासून किती लांब, लिफ्टमध्ये बटणांपाशी कुणी उभं राहायचं आणि मोटारीत ड्रायव्हरच्या मागची मानाची सीट कुणाची, हे ठरवण्याचा त्यांना पगार मिळत असे. एकदा ओसाकाच्या बड्या गिऱ्हाइकाला चुकून दाराजवळ बसवलं गेलं आणि त्यापायी कंत्राट हुकलं, असं ते शपथेवर सांगत. हिशेब खात्यातले लोक म्हणत, कंत्राट भावामुळे हुकलं. पण हिशेब खात्यातल्या लोकांना बसण्यातलं काय कळतं?

निवृत्त झाल्यावर बसवायला माणसं उरली नाहीत. बायको फुसाए त्यांनी जागा दाखवायच्या आत बसून, चहा पिऊन उठलेली असे. मुलगी चिनात्सु नवरा मासाताकाची बदली झाल्यामुळे लेकीसह माहेरी राहायला आलेली. नात कोतोहा दोन वर्षांची. ती बैठकीच्या खोलीत थेट पाहुण्यांच्या मानाच्या जागेवर जाऊन बसायची आणि तिथंच भात सांडायची. नुकादा तेवढ्यापुरते डोळे मिटून घेत.

नोव्हेंबरात कोतोहाला किमोनो घालून देवळात न्यायचं ठरलं, कारण मुलीला तिसऱ्या वर्षी देवाला दाखवायची रीत, आणि जन्मतःच एक वर्ष धरणाऱ्या जुन्या मोजणीनं ती तीन वर्षांची झाली होती. त्यासाठी फुकुईहून तिचे दुसरे आजोबा, म्हणजे नुकादांचे व्याही कुराशिगे गुरुजी येणार होते. गुरुजी निवृत्त हेडमास्तर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. शाळा सुटून बारा वर्षं झाली तरी ते खोलीत शिरले की समोरची माणसं आपोआप ताठ बसत. लग्नाच्या वेळी नुकादांनी त्यांना फुलदाणीच्या आड जाईल अशा खुर्चीत बसवलं होतं. गुरुजी त्यावर अवाक्षर बोलले नव्हते, आणि ते न बोलणंच नुकादांच्या जिव्हारी लागलं होतं.

नेमकी त्याच सुमारास कोतोहाची मोटारीतली जुनी सीट तिला आखूड पडायला लागली. नवी घ्यायला चिनात्सु निघाली, तर वडील वही-पेन घेऊन तिच्या आधी बुटात पाय घालून तयार.

दुकानातली ओगिनो नावाची मुलगी मोठी सोशिक होती. नुकादांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो रंगाचा. समारंभाला काळा शोभेल की करडा? दुसरा प्रश्न असा की मूल आता दोन वर्षांचं आहे, तर त्याला माणसासारखं पुढं तोंड करून बसवायला काय हरकत आहे. चिनात्सुनं सांगितलं, चार वर्षांची होईपर्यंत उलटीच बसणार, त्यावर चर्चा नको. म्हणजे रस्ताभर मोठ्या माणसांकडे पाठ? नुकादांना ते काही केल्या पटेना. ओगिनोनं एक बाहुली घेऊन दाखवलं. या वयात डोकं जड आणि मान नाजूक असते. समोरून धडक बसली की सरळ बसलेल्या पोराचं डोकं पुढं फेकलं जातं. उलटं बसलेलं असलं तर सगळा धक्का सीटची पाठ झेलते. नुकादांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मग ती त्यांना बाहेर गाडीपाशी घेऊन गेली. गाडी जुनी आणि चिमुकली, तिथं लहान गाड्यांना असते तशा पिवळ्या नंबरपाटीची, आणि तिला सीट अडकवायचे हुक नव्हते, त्यामुळे सीट गाडीच्या पट्ट्यानं आवळून बसवायची होती.

"फक्त मागच्या बाजूला बांधायची, आजोबा," ओगिनो म्हणाली. "पुढं कधीच नाही. पुढची एअरबॅग उघडली की ती या सीटच्या पाठीवर आदळते, आणि पाठीला तर बाळाचं डोकं टेकलेलं असतं."

नुकादांनी हेही लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. रेघ मारलेली गोष्ट पार पडल्यातच जमा, असं त्यांच्या खात्यात मानलं जाई.

सीट मागे डाव्या बाजूला बसली तेव्हा खरी पंचाईत कळली. ती एवढी मोठी की तिच्यापुढची सीट पार पुढं सरकवावी लागली. नुकादा तिथं बसून पाहायला गेले तर गुडघे हनुवटीला लागले. चिनात्सु हसली. त्यांना हसू आलं नाही, कारण त्यांच्या डोक्यात तोवर नकाशा तयार झाला होता. त्यांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी चिनात्सु चालवणार. सून चालवणार म्हटल्यावर सासऱ्यांची जागा तिच्या मागे, हे उघड आहे. तिच्या शेजारची सीट सगळ्यांत हलकी, ती यजमानाची, म्हणजे त्यांची स्वतःची. आणि तिथं तर आता पोस्टातलं पाकीटसुद्धा बसलं नसतं.

फुसाएनं तोडगा सांगितला. तुम्ही माझ्याबरोबर बसनं चला, गुरुजी आणि पोरगी गाडीतून येतील. नुकादांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. यजमानानं पाहुण्याला गाडीत सोडून बसनं जायचं? फुसाए म्हणाली, मग बसा नकाशा काढत. समारंभाच्या दिवशी सकाळी ती खरोखरच बस पकडून देवळाकडे पुढं निघून गेली.

त्यानंतर नुकादांनी जे केलं ते सांगायलासुद्धा लाज वाटते, पण त्यांना त्या वेळी वाटली नाही. चिनात्सु आत कोतोहाला किमोनो नेसवत होती. बाहेर नुकादांनी मागची सीट सोडवली आणि पुढच्या, ड्रायव्हरशेजारच्या जागेवर उलटी आवळून बांधली, म्हणजे मागे गुरुजींच्या शेजारी त्यांना स्वतःला जागा झाली. चाळीस मिनिटं घाम गाळला. वहीतली रेघ त्यांना आठवत होती. विसरले असते तर निदान तेवढी तरी सबब राहिली असती. पण रस्ता अकरा मिनिटांचा, वाटेत तीन सिग्नल, आणि चिनात्सु सावकाश चालवणारी. एका पारड्यात हे सगळं घातलं आणि दुसऱ्यात गुरुजींची वर जाणारी एक भुवई, तर भुवई जड भरली.

गुरुजी स्टेशनवरून टॅक्सीनं आले, काळ्या सुटात, हातात मिठाईचं खोकं. नुकादांनी कमरेत वाकून दार उघडलं आणि त्यांना ड्रायव्हरच्या मागे बसवलं. सगळं नकाशाबरहुकूम झालं. मग चिनात्सु कोतोहाला घेऊन बाहेर आली, तिला वडिलांच्या हातात देऊन दाराला कुलूप लावायला वळली. नुकादांनी नातीला पुढच्या सीटमध्ये बसवून पट्टे लावले. मागून गुरुजी पुढं वाकले.

"अरे वा," ते म्हणाले. "अशी बसवलीत होय? म्हणजे रस्ताभर मला तोंड दिसणार हिचं. छान केलंत, नुकादासाहेब."

लग्नापासून आजवर गुरुजींच्या तोंडून आलेलं हे पहिलं कौतुक. नुकादांना भरून आलं. कोतोहानं गुरुजींकडे पाहून केसातलं फूल उपटलं आणि त्यांना देऊ केलं. गुरुजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं, शिक्षण खात्याचं प्रशस्तिपत्र घ्यावं तसं.

तेवढ्यात चिनात्सुनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. तिनं शेजारची सीट पाहिली, मागे बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं, मग वडिलांकडे. चेहरा पांढरा पडला. नुकादा वाट बघत राहिले. आता ही बोलेल, आणि बोलली तर आपण हलक्या आवाजात काय उत्तर द्यायचं, तेही त्यांनी सकाळी ठरवून ठेवलं होतं.

पण ती बोलली नाही. पाहुण्यांसमोर घरातली चूक काढायची नाही, हे तिला चार वर्षांची असल्यापासून त्यांनीच शिकवलं होतं. एकदा जेवणात केस निघाला म्हणून ती पाहुण्यांसमोर बोलली, तेव्हा तासभर व्हरांड्यात बसवून शिकवलं होतं. पोरगी गुणी, धडा पक्का. ती आत बसली, पट्टा लावला, किल्ली आत घातली, आणि शेजारच्या सीटकडे न बघता आरसा नीट करायला लागली.

नुकादा अजून बाहेरच उभे होते, नातीच्या दारापाशी. चिनात्सु आता गाडी चालवणार. आपल्या शिकवणीपायी ही स्वतःच्या पोरीला त्या फुग्यासमोर ठेवून तीन सिग्नल पार करणार आणि देवळात पोचल्यावर हसून नमस्कार करणार. बसलेल्या पाहुण्याला उठवणं हे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि ते कसं करतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"गुरुजी," ते म्हणाले, "खाली उतरावं लागेल."

गुरुजींना वाटलं काहीतरी सांडलं. ते सुटाकडे पाहायला लागले.

"पोरीला इथं बसवायचं नसतं. एअरबॅग उघडली तर तिच्या डोक्यावर येते. दुकानात मला सांगितलं होतं, मी लिहूनसुद्धा घेतलं होतं. तरी तुमची जागा चुकायला नको म्हणून तिला पुढं बांधलं. चिनात्सुचा यात काही संबंध नाही."

भुवई वर गेली. ज्या भुवईसाठी हा सगळा खटाटोप, ती गेलीच. गुरुजी उतरले आणि मिठाईचं खोकं छातीशी धरून फाटकापाशी उभे राहिले, एका हातात ते कापडी फूल. चिनात्सुनं किमोनोच्या बाह्या वर खोचल्या आणि सीट सोडवून मागे बांधली. वडिलांना चाळीस मिनिटं लागलेलं काम तिनं सहा मिनिटांत उरकलं. ती एकदाच बोलली, तेही पट्टा आवळताना, त्यांच्याकडे न बघता.

"बाबा, तुम्ही बोलला नसतात ना, तर मी गाडी चालवली असती."

नुकादांनी गुरुजींना पुन्हा ड्रायव्हरच्या मागे बसायची विनंती केली. गुरुजी म्हणाले, नको, मी तुमच्याबरोबर येतो. कोतोहाला मागे घेऊन गाडी निघून गेली आणि दोन म्हातारे थांब्यावर उभे राहिले. पंधरा मिनिटं बस आली नाही. पंधरा मिनिटं गुरुजी समोरच्या न्हाव्याच्या दुकानाची पाटी वाचत होते. नुकादांनी मनातल्या मनात पाच प्रकारे माफी मागून पाहिली, एकही जमली नाही.

बसमध्ये एकच जागा रिकामी होती. गुरुजी बसले, नुकादा कडी धरून उभे राहिले. बस सुटल्यावर गुरुजींनी विचारलं, ती सीट उलटी ठेवायची किती वर्षं? चार वर्षांची होईपर्यंत, नुकादांनी सांगितलं.

"म्हणजे आणखी दोन वर्षं आपल्या दोघांना बसच."

"चूक माझी आहे, गुरुजी."

गुरुजींनी हातातल्या फुलाची एक चुरगळलेली पाकळी नखानं सरळ केली.

"मासाताका लहान असताना दर उन्हाळ्यात आम्ही माझ्या आजोळी जायचो," ते म्हणाले. "सहा तासांचा रस्ता. मी चालवायचो, आणि आमची ही त्याला मांडीवर घेऊन पुढं बसायची. मागे माझी आई असायची ना, मानाच्या जागेवर. हिनं एकदा विचारलं होतं, मी मागे बसू का म्हणून. मी म्हटलं, आईला काय वाटेल." त्यांनी फूल कोटाच्या खिशात ठेवलं. "नशीब म्हणून तो धड राहिला आणि तुमचा जावई झाला, नुकादासाहेब."

नुकादांना सकाळी स्वतःच्या हातांनी आवळलेला पट्टा आठवला. पुढच्या थांब्यावर गुरुजींच्या शेजारची जागा रिकामी झाली, तेव्हा ती मानाची की हलकी हे न बघता ते तिथं बसले.