सरांचं पाकीट

गळ्यात सिगारेटच्या रिकाम्या पाकिटांची माळ. प्रदर्शनासाठी ओवलेली. ती घालून मला स्टेजवर उभं केलं होतं, अख्ख्या कॉलेजसमोर. मी अकरावीत होतो.

तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम होता. तंबाखू विकत घ्यायचं वय अठराचं एकवीस करा, असा ठराव करून सरकारला पाठवायचा होता. त्याआधी गेटवर दप्तरं तपासली. सगळ्यांची नाही. क्रांती चौकाकडून मोटारसायकली उडवत येणारी, टपरीच्या आडोशाला धूर सोडणारी पोरं सरळ आत गेली. त्यांचे बाप डॉक्टर, बिल्डर, संस्थेचे देणगीदार. बसनं येणारे आम्ही, करमाडचे, शेंद्र्याचे, बाजूला काढलेले. माझ्या दप्तरात भरलेलं पाकीट सापडलं.

ते सरांचं होतं. आम्हाला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, संस्थेत वजन असलेल्या सरांचं. रोज बसमधून उतरलो की टपरीवर जायचं, त्यांचं पाकीट घ्यायचं आणि प्रयोगशाळेमागं नेऊन द्यायचं. हे काम त्यांनी मला आल्या आल्या लावलं होतं. आधी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि म्हणाले, "तू आणत जा." टपरीवाले चाचा बाकी पोरांना वय विचारून हाकलायचे. मला नाही. सरांचं म्हटलं की गुपचूप हातात ठेवायचे. बाबांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. पोरावर सरांची मर्जी बसली म्हणाले.

स्टेजवर माईक सरांच्याच हातात होता. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. आता बोलतील. पाकीट आपलं आहे म्हणतील. त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण खातं रे?"

विचारलं म्हणून मी खरं सांगितलं. "आई मिशरी लावते."

सभागृह खदाखदा हसलं. सर म्हणाले, "बघा. यांच्या घराघरात हेच. शिकून काय फरक पडणार? रक्तातच आहे."

माझी आई शेंद्र्याच्या एका कंपनीत झाडू मारते. पहाटे चहावर निघते आणि भूक मारायला मिशरी लावते. ती तिथं नव्हती, आणि तिच्यावर सगळं कॉलेज हसत होतं. त्या वेळी सरांचा गळा धरावा असं वाटलं मला. खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं. ते कंपनीच्या कपड्यांतच आले. प्राचार्य बसलेले, सर बसलेले, बाबा उभे. प्राचार्य म्हणाले, "सरांची माफी मागू दे. नाहीतर दाखला घेऊन जा." बाबांनी हात जोडले. "साहेब, लेकरू हाय. चुकलं. पाया पडतो तुमच्या." आणि ते खरंच वाकायला लागले. विहारात वंदनेला सोडून हा माणूस कुठं वाकलेला मी पाहिला नव्हता. सर मोबाईलवर बोट फिरवत होते.

मी बाबांचा दंड धरला. "बाबा, हात खाली घ्या. माझं काय बी चुकलं नाय." मग प्राचार्यांना म्हणालो, "पाकीट ह्या सरांचं हाय. रोज मीच आणतो. टपरीवर जाऊन इचारा."

"कुणाबद्दल बोलतोयस, कळतं का?" प्राचार्य ओरडले. सर नुसते हसले. "यांना थोडं शिकवलं की असं होतं."

टपरीवर कुणीही गेलं नाही. मी गेलो. चाचांनी मान खाली घातली. "बेटा, मेरा धंदा इधरच है." त्यांचा राग आला नाही मला. त्यांचीही टपरी सरांच्याच मर्जीवर उभी होती. दाखला घेऊन मी निघालो.

आता मी शेंद्र्यात मशीन चालवतो. एकवीस ओलांडलंय. ठरावातलं वय लागू झालं तरी पाकीट विकत घेऊ शकतो. घेत नाही. वय वाढवायला माझा विरोधही नाही. आईच्या हिरड्या रोज बघतो मी. एकवीस करा, पंचवीस करा. पण अठराचा नियम तेव्हाही होता, आणि मी त्याखालीच होतो. साहेबाच्या कामाला निघालेल्या पोराला कुणी वय विचारत नाही. विकणाऱ्याला दंड आहे. पाठवणाऱ्याला कुठला आहे?

येत्या रविवारी क्रांती चौकात याच मागणीची सभा आहे. प्रमुख वक्ते आमचे सर. मी त्या दिवसाची सुट्टी टाकली आहे. बाबा म्हणतात, "झालं गेलं सोड की. मोठी मानसं हायेत." मी सोडणार नाही. अगदी पुढं जाऊन उभा राहणार. ते पोरांच्या भवितव्यावर बोलायला लागले की सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारणार, "सर, आज कुणाच्या पोराला टपरीवर पाठवलंत?"

ढकलतील, पोलीस बोलावतील. बोलावू देत. उत्तर मिळेपर्यंत मी तिथून हलणार नाही.