गर्दीच्या उलट

मेंदूच्या प्रयोगशाळेत पडद्यावर ठिपके पळवायचे, एवढंच ज्याचं काम, त्याला लोक ठिपकेकाका म्हणणार नाहीत तर काय? काका मात्र या पदवीवर असे खूश, की जणू ठिपके त्यांच्याच घरी जन्माला आले होते.

घरी खरं तर कोणीच नव्हतं. नातवाला सांभाळायला काकू लेकीकडे गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. काका सवयीने दोन कप चहा करत आणि दुसरा गार झाला की तोही पीत.

मागच्या खेपेला बसस्थानकावर काकांनी जाड भिंगांतून बघत काकू समजून भलत्याच बाईंची पिशवी हसतमुखाने उचलली होती. काकूंनी ते पाहिलं आणि जाईपर्यंत त्या फक्त भिंतीशी बोलल्या. आता दोन दिवसांसाठी येताना त्यांनी फोनवर बजावलंच, मी हाक मारणार नाही. ओळखलंत तर घरी येईन, नाहीतर त्याच बसने परत.

हवालदिल काकांनी प्रयोगशाळेतल्या मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, मेंदूतल्या, हालचाल टिपणाऱ्या कित्येक पेशी भोवतालही बघतात. ठिपक्याभोवतीचं सगळं त्याच्याच दिशेने सरकत असलं, की त्या गप्प बसतात. भोवतालचं उलट सरकलं, की बोंब ठोकतात.

काकांनी तिथूनच फोन लावला. "उतरलीस की सगळे जातील तिकडे जाऊ नकोस. उलट चाल."

"तुमच्या घरात जन्मभर तेच केलं," काकू म्हणाल्या.

बस आली. लोंढा फाटकाकडे, म्हणजे काकांकडे निघाला. चेहऱ्यांचा नुसता काला. आणि त्यात एकच आकृती उलट निघालेली, एक खांदा किंचित पाडून चालणारी. चूक होणं शक्यच नव्हतं. फक्त, फाटकातल्या माणसाकडे येणाऱ्या गर्दीच्या उलट म्हणजे त्या माणसापासून लांब, हे शहाण्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. इतक्या दिवसांनी काकू एवढ्या स्पष्ट दिसत होत्या, त्याही पाठमोऱ्या, लहान लहान होत जाणाऱ्या.

धक्के खात, माफी मागत काकांनी त्यांना शेवटच्या खांबाशी गाठलं.

"ओळखलं मी," ते धापा टाकत म्हणाले. "आता राहा."

काकूंनी वळून त्यांची कॉलर सारखी केली. "नातू शाळेत जायला लागला की येते."

गर्दी ओसरली तरी दोघं तिथेच उभे होते. फाटकाकडे निघालं, की ते दोन दिवस सुरू होणार होते, म्हणजे संपायलाही लागणार होते.