न तोडलेली किंजळ

लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा गावी नेलं ते अठ्ठ्याण्णवच्या शिमग्याला. आमचं गाव देवरूखपासून बरंच आत, डोंगराला टेकलेलं. ती रत्नागिरीतल्या मांडवीची. समुद्राच्या वाळूत वाढलेली, झाड म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे माड यायचा. आमच्या बांधावरची झाडं बघून ती थांबलीच.

"अहो, इथे वणवा लागला होता का?"

"वणवा कशाला? कवळ तोडलीय."

मग तिला समजावून सांगावं लागलं. भाताचं बी पेरायचं त्या जागेवर आधी जमीन भाजून घेतात. त्यासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या थंडीत तोडून खळ्यात वाळवायच्या, त्यांना कवळ म्हणतात. दर वर्षी तोडल्यामुळे झाड खांबासारखं उभं राहतं, अंगभर गाठी आणि शेंड्याला चार फुटवे. मी जन्मापासून किंजळ अशीच बघत आलो होतो. तिला दुसरा काही आकार असतो हे कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझा थोरला भाऊ आम्हाला देवराईत घेऊन गेला. दादा गावची शेती बघायचा, मी रत्नागिरीत शाळेवर होतो. देवराईत पायात वहाण चालत नाही आणि काडीसुद्धा मोडायची नाही, मग कोयता कुठला. चपला कडेला काढून आत शिरलो. पाचोळ्यात पाय घोट्यापर्यंत बुडत होते. एका झाडापाशी ती उभी राहिली. बुंध्याला खाली भिंतीसारख्या पाख्या फुटलेल्या, दोघांच्या कवेत मावणार नाही असा घेर, आणि वर, खूप वर, फांद्या अशा पसरलेल्या की त्या कुठे संपतात ते कळू नये.

"हे कुठलं झाड?"

मी दादाकडे पाहिलं, दादाने माझ्याकडे.

"असंल कायतरी रानटी," दादा म्हणाला.

तिने खालचं पान उचललं, उलटंसुलटं केलं. "काल खळ्यात ज्या ढिगावर मी बसले होते ना, त्यातलंच पान आहे हे."

दादाने कपाळावर हात मारला. "आयला! किंजळ गो ही!" आणि हसत सुटला. "बाय, तू काल आलीस आणि आमचं झाड आम्हालाच दाखवलंस."

परत येताना तिने दादाकडे मागणं घातलं. घरासमोरच्या बांधावरची एक किंजळ तोडायची नाही. ती मोठी होऊन कशी दिसते ते तिला बघायचं होतं.

"लोकांच्या सुना साडी मागतात, तुला झाड हवं?" दादा म्हणाला. "घे. तुझं."

दोन थंड्या दादाने त्या झाडाला कोयता लावला नाही. आम्ही सुट्टीत गेलो की ती आधी बांधावर जायची, मगच घरात. मग देवराईत. तिथल्या मोठ्या किंजळीला पाठ टेकून बसायची आणि मला वर बघायला लावायची. भाद्रपदात तिला पांढुरकी फुलं येतात आणि दिवाळीच्या सुमाराला त्या फुलांची फळं धरून सगळं झाड तांबूस होतं, हे मी चाळिशीच्या आसपास, बायकोमुळे पाहिलं. "आपलीला पुढच्या वर्षी येईल," ती म्हणायची.

आता जे सांगायचं ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या थंडीत मी एकटा गावी गेलो होतो. भावकीतली चार माणसं खळ्यात बसलेली. दादा कोयत्याला धार लावत होता. त्यांच्यातला एक जण त्या झाडाकडे बोट करून म्हणाला, "मास्तरांच्या घरात झाडपण बायकोला इचारून वाढतं." सगळे हसले, मीही हसलो. दादाने विचारलं, "काय रे, ठेवू ना?" त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, तो खरंच विचारत होता.

मी म्हणालो, "तोड रे. झाडाचं काय एवढं."

दुपारपर्यंत झाडाचा खांब झाला. मला वाटलं, पुन्हा फुटेल, सावकाश सांगू तिला. पण सांगायला तोंड उघडेपर्यंत ती आजारी पडली. शिमग्याला तापामुळे गावी आली नाही. चैत्रात निदान झालं आणि उपचारांसाठी ती मुंबईला भावाकडे गेली. मी नोकरीमुळे रत्नागिरीतच राहिलो, अधूनमधून जाऊन यायचो. एरवी संध्याकाळी नाक्यावरच्या बूथवरून फोन.

"गावी गेला होतात? आपली किंजळ कशी आहे?"

"छान आहे."

"छान म्हणजे कशी? नीट सांगा ना."

नीट सांगायला बघायला हवं होतं. म्हणून मी शनिवारी शाळा सुटली की गाव गाठायचो आणि बांधाकडे न बघता देवराईत जायचो. त्या पावसाळ्यात मी ते झाड जितकं पाहिलं तितकं दुसरं काही पाहिलं नसेल. सालीवरून पाणी कुठल्या वाटेने उतरतं, पाख्यांच्या बेचक्यात कसल्या अळंब्या उगवतात, वरच्या फांदीवर धनेशाची जोडी कधी येऊन बसते. भाद्रपदात खाली पडलेला फुलांचा तुरा उचलून वास घेतला, कारण ती विचारणार होती. तिने विचारलंच.

"गोडसर आहे," मी सांगितलं. "थोडा उग्र. मधमाश्या इतक्या की खाली उभं राहिलं तरी आवाज येतो."

"आली ना शेवटी फुलं!" ती म्हणाली. मग तिच्या वहिनीने फोन घेतला आणि म्हणाली, "रडतेय हो. पण बरं रडतेय."

दिवाळीआधी ती रत्नागिरीला आमच्या घरी परत आली. डॉक्टरांनी फार काही सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. मी देवराईतली एक तांबडी डहाळी मोडून आणली. तिथे काडी मोडत नाहीत हे मला माहीत होतं. आपल्या झाडाची म्हणून ती तिच्या हातात दिली. ती डहाळी दोन दिवस उशाशी होती.

आणि रविवारी दादा आला, शेजाऱ्याची जीप घेऊन. तिने त्याला बघितल्याबरोबर हात जोडले.

"दादा, तुम्ही माझं झाड राखलंत."

दादाने डहाळी पाहिली. मग मला. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"राखणारच की बाय," दादा म्हणाला. "तुझं झाड."

"जीप आहे ना? मला आजच न्या. लांबून बघेन, उतरणारसुद्धा नाही."

ती उठली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा आपली आपण उठली, आत जाऊन साडी बदलून आली. दादा मला ओसरीवर ओढून घेऊन गेला.

"सांग तिला. मी म्हणतो मीच तोडली, माझ्यावर घाल. रागवेल आणि हसेल. वाटेत देवराईकडे गाडी उभी करू, मोठी किंजळ रस्त्यावरून दिसते."

खरंच दिसते. झाड तोडलं म्हणून ती माझ्यावर रुसून बसली नसती, तेवढं मला तेव्हाही कळत होतं. पण झाडाबरोबर त्या सगळ्या संध्याकाळच्या फोनांचंही सांगावं लागलं असतं. फुलं, मधमाश्या, तो वास. मी आत गेलो आणि म्हणालो, "डॉक्टर नको म्हणालेत. रस्त्याने हादरे बसतील."

डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते.

तिने वाद घातला नाही. दादा चहा न घेता गेला, जीप वळून दिसेनाशी झाली. त्यानंतर ती आपली आपण उठली नाही. मार्गशीर्ष तिने पाहिला नाही.

पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती तीच साडी नेसून खुर्चीत बसून होती. दिवे लागल्यावर म्हणाली, "बरं, नाही तर नाही. तुम्हीच सांगा. घराच्या पायरीवरून कशी दिसते?"

मी तिच्याजवळ बसलो आणि सांगायला लागलो.