दातांत धरलेलं शिसं

शॉटगनवाल्यांशी वाद घालणं हेच माझं काम होतं. जेद्दाच्या बाहेर, वस्ती संपून नुसती वाळू सुरू होते तिथे एक शूटिंग रेंज आहे. तिच्या काउंटरवर मी बसायचो. पिस्तुलं आणि रायफली आतल्या बंदिस्त गल्ल्यांमध्ये. शॉटगन मात्र मागच्या उघड्या मैदानावर, मशीनने हवेत उडवलेल्या मातीच्या बशांवरच चालवायची. बंदूक बिजागरीतून मोडून, नळी उघडी ठेवूनच चालायचं, एका वेळी दोनच काडतुसं भरायची, काडतुसं आमच्याकडचीच घ्यायची आणि छर्रा फक्त बारीक, मोहरीएवढा. हे सगळं फलकावर तीन भाषांत लिहिलेलं होतं. तरी दर शुक्रवारी कोणी ना कोणी खिशातून जाड्या छर्र्यांची काडतुसं काढायचाच. मी नाही म्हटलं की तो नेमका मालकाचा दोस्त निघायचा. मग मी तोंडभर हसून तेच नियम पुन्हा वाचून दाखवायचो आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

माझा थोरला चुलतभाऊ, दादा, त्याच मैदानावर होता. त्याला मीच बोलावून घेतलं होतं. फुटलेल्या बशांचे तुकडे झाडायचे, मशीनमध्ये नव्या भरायच्या, असं त्याचं काम. गावाकडे, रत्नागिरीच्या खाडीवर, हाच दादा म्हणजे बडी असामी. आमच्याकडे हाताने भिरकावायचं एक गोल जाळं असतं, त्याला पाग म्हणतात. त्याच्या कडेला सगळीकडून शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. अर्धं जाळं कोपरावर घ्यायचं, कडेची एक गोळी दातांत धरायची आणि मनगटाला असा हिसका द्यायचा की जाळं हवेतच पुरतं उघडून पाण्यावर सपाट पडलं पाहिजे. सगळा खेळ मनगटाचा. दादाच्या तोडीचा हात आमच्या काठावर दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगायचा, कोणी विचारायची वाट न बघता.

कामाला लागून थोडे दिवस झाले नसतील, तोच एकदा दादा काउंटरवर आला आणि माझ्यापुढे मूठ उघडली. मुठीत वाळू आणि काळे बारीक मणी.

"ह्या काय हाय म्हायत हाय?" तो म्हणाला.

"छर्रे. टाक बाहेर."

"शिसा हाय रे, शिसा. हितं वाळूत सांडलाय नि कोणाला किंमत नाय."

गावाला शिसं मिळवायला आम्ही काय काय केलं होतं ते मला आठवलं. जुन्या बॅटऱ्या फोडून झाल्या होत्या, नळजोडणीवाल्यांच्या मागे लागून झालं होतं. आणि इथे शिशाचा सडा. आमच्या खाडीवरच्या कोणाही माणसाने त्या मैदानावर हेच केलं असतं. तिथले बांगलादेशी, नेपाळी कामगार ते छर्रे चपलेखाली तुडवून जायचे. दादा मात्र झाडता झाडता वाळू चाळायचा.

मग शराफियाच्या, जेद्दातल्या आमच्या लोकांच्या बाजारपेठेच्या, दुकानांतून त्याने नायलॉनचा दोरा आणला, विणायची सुई लाकडाची स्वतः तासली आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या कॅम्पमधल्या आमच्या खोलीत जाळं विणायला घेतलं. शिसं स्वयंपाकाच्या शेगडीवर, एका जुन्या लोखंडी तव्यात वितळवायचा. फरशीवर ओतून पातळ पट्टी करायची, तिचे तुकडे कापायचे, एकेक तुकडा कडेच्या दोरीभोवती गुंडाळायचा आणि दाताने करकचून आवळायचा. आमच्याकडे असंच करतात. आज्याने तसंच केलं, काकाने तसंच केलं. पण त्यांच्या आयुष्यात मिळून जेवढं शिसं त्यांच्या तोंडात गेलं नसेल, तेवढं दादाच्या एका जाळ्यात होतं. फुकटचं होतं ना. त्याने कडा दुपदरी भरायला घेतल्या होत्या. खोलीतले आम्ही सगळे कौतुकाने बघत बसायचो. तो गोळ्या आवळत गाणं गुणगुणायचा आणि तोंडात दोन-चार तुकडे तयार ठेवायचा, खिळे ठोकताना सुतार खिळे धरतात तसे.

आधी दादाचं पोट धरलं. कळा यायच्या, घास नको व्हायचा. मी ओवा दिला, हिंग दिला. शराफियाच्या दवाखान्यात गॅसच्या गोळ्या मिळाल्या. मग एकदा चहाचा ग्लास त्याच्या हातातून पडला. पुढे पुढे उजवं मनगटच वर उचलेना. पंजा खाली लोंबायचा. "हातावर झोपलो आसन," तो म्हणाला, आणि झाडू काखेत धरून कामाला गेला. मला धास्ती वाटली ती त्या हाताची. पोट काय, आज ना उद्या बरं होतं. पण दादाचं मनगट गेलं तर दादाचं काय उरलं असतं?

त्याच सुमारास आमच्या रेंजवर नवा नियम आला. शिशाची काडतुसं बंद, शॉटगनमध्ये यापुढे फक्त पोलादी छर्रे. काउंटरवर नुसता गदारोळ झाला. पोलादाने नळीला चरे पडतात, माझी बंदूक वडिलांच्या वेळची आहे, तिचं नुकसान कोण भरून देणार, असं जो तो माझ्यावरच गुरकावत होता. नियम पाळतात का ते बघायला आलेल्या सरकारी माणसाला मी गहवा, तिथली कॉफी, दिला आणि माझ्या मोडक्या अरबीत विचारलं की हे कशापायी.

तो म्हणाला, उंटांपायी. मैदानाच्या टोकाला मातीचा बांध होता, त्याच्या पलीकडे कोणाचे तरी उंट चरायचे. बांधावरून गेलेले छर्रे गवताबरोबर त्यांच्या पोटात जात होते. आधी उंट खायचा बंद होतो, त्याने सांगितलं, पोट दुखतं. मग अंगातली ताकद जाते. आणि शेवटी मान अशी पडते. ते दाखवायला त्याने आपला हात पुढे केला आणि मनगटातून पंजा सैल सोडून दिला.

त्याच्या खांद्यावरून मला खिडकीतून मैदान दिसत होतं. दादा काखेत झाडू धरून उभा होता आणि त्याचा पंजा अगदी तसाच खाली लोंबत होता.

मी त्याला त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर केरळचे होते. त्यांनी मनगट बघितलं आणि मग त्याचा ओठ वर केला. हिरड्यांच्या कडेने निळसर काळी रेघ होती. "दाँत से क्या करते हो?" त्यांनी विचारलं.

"जाल का शिसा दाबता है, साब," दादा म्हणाला. "हमारे गाँव में सब दाँत से दाबते हैं."

रक्तातलं शिसं औषधाने उतरेल, डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पण हाताच्या नसांचं सांगता येत नाही. ताकद परत येईलही, नाहीही.

खोलीवर येऊन मी खाटेखालचे छर्र्यांनी भरलेले दुधाचे डबे ओढून काढले. नियम आल्यावर पुढे शिसं मिळणार नाही म्हणून ह्या बाबाने घाईघाईने आणखी गोळा केलं होतं, डाव्या हाताने. मी त्याला नको नको ते बोललो. अक्कल गहाण टाकलीस का, असं विचारलं. थोरल्या भावाला असं कोणी बोलत नाही. शेवटी दादा एवढंच म्हणाला, "जाळा तेवढा टाकू नको."

मॅनेजरकडे गेलो तर त्याचा सवाल एकच, "उसको किसने बोला था उठाने को?" खरं होतं. फलकावर बंदुकीसाठी नियम होते, काडतुसांसाठी होते, पाहुण्यांच्या कानांसाठी आणि डोळ्यांसाठी होते, आता उंटांसाठीही एक झाला होता. जो माणूस दिवसभर ते छर्रे झाडत होता, त्याच्यासाठी एक ओळ नव्हती. मला तो फलक उपटून मॅनेजरच्या टेबलावर आपटावासा वाटला. आपटला नाही. माझा इकामा, तिथे राहायचा परवाना, त्यांच्याच हातात होता. दादाचं औषध पुरं होताच त्याला एक्झिटवर, म्हणजे कायमचं घरी, पाठवलं. खलास. जाळं त्याने बॅगेत भरून नेलं.

पुढच्या सुट्टीत मी गावी गेलो. दादाचं पोट ठीक होतं, अंगही भरलं होतं. पंजा तसाच होता. जाळं पडवीत खुंटीला टांगलेलं, एवढं देखणं आणि वजनदार की शेजारचे बघायला येऊन गेले होते. ओहोटी लागली तशी दादा म्हणाला, चल, तू टाक, मी सांगतो.

गुडघाभर पाण्यात उभे राहिलो. जाळं कोपरावर कसं घ्यायचं ते त्याने दाखवलं, डाव्या हाताने घड्या सारख्या केल्या. मग कडेची एक गोळी माझ्या तोंडापुढे धरली. "दातांत धर."

मी ती गोळी हातात घेतली. तिच्यावर त्याच्या दातांच्या खुणा होत्या. माझं तोंड उघडेना. दादाने माझ्याकडे बघितलं, गोळी माझ्या हातातून घेतली आणि सवयीने आपल्याच दातांत धरली. खांदा मागे नेला. मनगट काही हललं नाही. मग त्याने गोळी तोंडातून सोडली.

आम्ही जाळं न टाकताच परत आलो. वहिनी मागच्या दारी बसून मासे साफ करत होती. बाजारातून विकत आणलेले होते.