सुतभराचा फरक

निवृत्त झाल्यावर लोक सहली काढतात, भजनी मंडळात नाव घालतात. मी एक जुना चेनचा ट्रॅक्टर दुरुस्त करायला घेतला. चेनचा म्हणजे चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारा. आमच्या लालबागच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्याला रणगाडा म्हणत. "काय, आज रणगाड्यावर?" असं खालचे पानवाले रोज विचारायचे, आणि मीही "हो, सीमेवर निघालेय" म्हणून माझगावची बस पकडायची.

मी एकतीस वर्षं माझगावच्या एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. मोडलेला पार्ट टेबलावर यायचा, तो मोजायचा, त्याचं ड्रॉइंग काढायचं, मग खाली तो नवा बनायचा. ऑफिसात बाई मी एकटीच. सुरुवातीला खालचे लोक माझी मापं पुन्हा स्वतः घेऊन बघत. फक्त एक फिटर बघत नसत. ते म्हणायचे, "बाईनं लिहिलंय ना? मग कापा." त्यांना सगळे मेस्त्री म्हणत, मीही मेस्त्रीच म्हणायचे. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, मालवणकडचे, नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारे. मला ते आधी 'मॅडम' आणि मग कधीतरी 'बाय' म्हणायला लागले.

दोघं निवृत्त झालो आणि वर्षभरानं त्यांचा फोन आला.

"बाय, दारूखान्यात एका भंगारवाल्याकडे एक म्हातारा पडलाय. बघून जा."

दारूखाना म्हणजे माझगावजवळची जुन्या जहाजांच्या भंगाराची वस्ती, आणि म्हातारा म्हणजे तो ट्रॅक्टर. आम्ही दोघांनी त्याला गोदीत काम करताना पाहिलं होतं. बोटीच्या पोटात सुटं धान्य किंवा गंधक तळाला उरलं की क्रेननं असा ट्रॅक्टर आत सोडायचे, आणि तो कोपऱ्याकोपऱ्यांतला माल मधे लोटून आणायचा. आता त्याची एक चेन तुटलेली होती, सीट नव्हती, रेडिएटरमध्ये कबुतरानं घरटं केलं होतं. पण इंजिन जागेवर होतं आणि इंजिनावर नंबराची पितळी पट्टी शाबूत होती. मी साडीच्या पदरानं ती पुसली. मेस्त्री हसून म्हणाले, "झालं. आता तू काय ह्याला सोडत नाहीस."

ओळखीच्या एका माणसानं माझगावात शेडचा एक कोपरा दिला. तिथं आमची चार वर्षं गेली. मी मोजायची आणि काढायची, मेस्त्री खोलायचे आणि जोडायचे. चेनच्या पिना काढायलाच एक अख्खा उन्हाळा लागला. रॉकेल घालून, तापवून, घणानं ठोकून एकेक बाहेर. ह्या ट्रॅक्टरचं मोठं डिझेल इंजिन थेट चालू होत नाही. त्याच्या कुशीत एक छोटं पेट्रोल इंजिन असतं, ते आधी दोरीनं ओढून चालू करायचं, मग ते मोठ्याला फिरवतं. त्या छोट्याला आम्ही 'पिल्लू' म्हणायचो. एका आठवड्यात पिल्लू चालू झालं तेव्हा मेस्त्रींनी समोरच्या इराण्याकडून मावा केक आणले होते.

मोठं इंजिन आम्ही पूर्ण खोललं, साफ केलं, बांधलं. पहिल्यांदा चालू करायचं ते दोघांनी मिळून, असं ठरलं. आणि त्याच आठवड्यात मी आमच्या जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. परळला ऑपरेशन झालं, आणि नंतर पाच महिने मी तिसऱ्या मजल्यावर घरात.

मेस्त्री दर रविवारी यायचे. मी भावाच्या कुटुंबात राहते; भावजय त्यांना चहा द्यायची. मी पहिलाच प्रश्न करायचे, "म्हातारा कसा आहे?"

"झाकून ठेवलाय. तू ये, मग बघू."

"हात नाही ना लावलात?"

"छे गं. तुझ्याशिवाय कसा लावू?"

मी काठी घेऊन चालायला लागले त्यानंतर पंधरा दिवसांनी शेडमध्ये गेले. मेस्त्रींनी ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला होता, नारळ आणला होता. इंजिनाला नवा करडा रंग मारलेला होता. म्हणाले, "रिकामा बसून काय करू, रंग तेवढा मारला." त्यांनी पिल्लू ओढलं, मी लिव्हर टाकला. मोठ्या इंजिनानं दोनदा खोकून काळा धूर सोडला आणि ते धडधडायला लागलं. पायाखालची फरशी हलत होती. मी चक्क रडले. मेस्त्रींचेही डोळे भरले होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, पुरुष माणूस, लाजत असेल.

त्यानंतरचं दीड वर्ष फार छान गेलं. जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात आम्ही तो ट्रेलरवर चढवून नेला. येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होते, "इंजिन मूळचं आहे बरं का. नंबराच्या पट्टीसकट." मेस्त्री मागे फडक्यानं चेन पुसत बसले होते.

त्या प्रदर्शनात सांगलीकडचे एक गृहस्थ भेटले. ऊसवाले. त्यांच्या आजोबांनी घेतलेला अगदी ह्याच मॉडेलचा ट्रॅक्टर त्यांच्या गोठ्याशेजारी उभा होता. इंजिनाच्या डोक्यावरून रेडिएटरकडे पाणी नेणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक वाकडा नळ असतो, त्याला बाक म्हणतात. त्यांचा तो फुटून गेला होता. "मॅडम, तुम्ही तुमच्यावरून माप घेऊन ड्रॉइंग द्याल का? मी इकडे ओतून घेतो." मी आनंदानं दिलं. व्हर्नियर लावून प्रत्येक माप तीनदा घेतलं, चार बोल्टांची भोकं काढली आणि फोटो पाठवला.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं शेडमध्येच डबा खात होतो. मी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, राग मानू नका," ते म्हणाले. "पार्ट बसत नाही. दोन भोकं सुतभर बाहेर जातायत. ओतकाम ड्रॉइंगप्रमाणेच आहे, मी तपासलं. ड्रॉइंगमध्येच काहीतरी चुकलंय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या कामात सुताचा फरक म्हणजे फरक नव्हे, थट्टाच. एकतीस वर्षांत माझं एकही ड्रॉइंग असं परत आलं नव्हतं. मी त्यांची माफी मागितली. दोनदा मागितली. त्यांचं ओतकाम फुकट गेलं होतं. ते भले, "असू द्या, असू द्या" म्हणत राहिले.

फोन ठेवला. मी मेस्त्रींना म्हटलं, "असं कसं झालं हो?"

मेस्त्री डब्यातली भाकरी मोडत होते. त्यांनी वर न बघता म्हटलं, "होतं असं, बाय. वय झालं आपलं. नजर पहिल्यासारखी राहते काय?"

मी दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मोतीबिंदूची किंचित सुरुवात आहे, पण एवढ्यानं काही अडणार नाही, असं ते म्हणाले. माझा विश्वास बसला नाही. मी नवा चष्मा केला. घरी बसून फुटपट्टीवरच्या रेघा मोजायची, एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. भावजय म्हणाली, "काय चाललंय तुमचं?" शेडमध्ये माप घ्यायची वेळ आली की मी व्हर्नियर मेस्त्रींच्या हातात द्यायला लागले. "तुम्हीच वाचा. मी लिहून घेते." आणि ते वाचायचे. एकेक आकडा सावकाश, स्पष्ट वाचायचे, आणि मी शाळेतल्या मुलीसारखी लिहून घ्यायची. असे चार महिने गेले. त्या चार महिन्यांत मी स्वतःहून एकही ड्रॉइंग काढलं नाही.

नंतर दिवाळीच्या साफसफाईत कपाटावरून एक पुठ्ठ्याची नळी खाली पडली. आत खाकी कागदाची गुंडाळी होती. पहिल्या वर्षी इंजिन खोललं होतं तेव्हा जोडांत बसवायच्या कागदी गॅस्केट कापायला म्हणून मी त्याच्या वरच्या भागावर कागद ठेवून, वरून पेन्सिल घासून छाप घेतले होते. हे मी विसरूनच गेले होते. त्यांत त्या पाण्याच्या बाकाच्या जागेचाही छाप होता, चारही भोकांसकट.

छापासाठी तेज नजर लागत नाही, मोजावं लागत नाही. कागद जागेवर ठेवायचा, भोकावर भोक आलं की झालं.

तो बुधवार होता. मेस्त्री गुरुवारी आणि रविवारी यायचे. मी एकटीच शेडमध्ये गेले, तो बाक सोडवला आणि कागद ठेवला. दोन भोकं बसली. दोन सुतभर बाहेर.

मी कागद फिरवून बघितला, उलटा करून बघितला. मग खाली वाकले आणि नंबराची पट्टी बघितली. पट्टी तीच होती. पण ती मुळात रिव्हेटांनी ठोकलेली होती, आणि आता चार कोपऱ्यांना बारीक स्क्रू होते. त्यांच्या खाचांत करडा रंग भरलेला होता. दीड-दोन वर्षं मी ती पट्टी दर आठवड्याला पुसत होते.

गुरुवारी मेस्त्री आले तेव्हा कागद इंजिनावरच होता. त्यांनी तो बघितला आणि पिशवी खाली ठेवली. एरवी आमच्याशी मुंबईचं मराठी बोलणारे मेस्त्री त्या दिवशी पार मालवणीवर आले.

"तू बिछान्यात होतंस," ते म्हणाले. "माका वाटला, एकदा चालू करून बघूया. तू येशीत तेव्हा फजिती नको."

"मग?"

"पाच मिन्टां बरा चल्ला. मगे आतली दांडी तुटली नि ब्लॉक फोडून भायर इली. इंजिन मेला. एक बोल्ट मी नीट आवळूक नाय होतो. माझीच चूक."

त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचं एक इंजिन त्यांनी दारूखान्यातून शोधून काढलं. दिसायला तेच, मापं थोडीफार वेगळी. दोन महिने एकट्यानं खपून बसवलं. जुनं इंजिन भंगारात गेलं. पट्टी काढून नव्यावर लावली, रंग मारला, हार आणला.

"आणि मी घरी विचारत होते तेव्हा?"

"तुका आणखी दुखणा कशाक देऊ? आधीच पाय मोडलेलो."

मी खरं सांगते, इथपर्यंत मी ऐकून घेऊ शकले. इंजिन फुटतं. माणूस घाबरतो. आणि ते इंजिन बसवायला त्यांनी किती घाम गाळला असेल ते माझ्याइतकं कुणाला कळणार? पट्टी बदलणं वाईट होतं, त्या प्रदर्शनात मला लोकांसमोर खोटं बोलू देणं जास्त वाईट होतं. तरी त्याचंही मी काहीतरी केलं असतं.

मी विचारलं, "मेस्त्री, सांगलीचा फोन आला तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना, पार्ट का बसत नाही ते?"

ते इंजिनावरच्या कागदाचा कोपरा सरळ करायला लागले.

"कळलं होतं का नाही?"

"कळला होता."

"आणि तुम्ही मला म्हणालात, नजर गेली."

"गेली, असा नाय म्हणालंय. पयल्यासारखी नाय, असा म्हणालंय."

मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. रस्त्यावर मला बस कुठल्या बाजूला मिळते तेसुद्धा सुचेना. डॉकयार्डच्या स्टेशनपर्यंत चालत गेले, तिथून परत आले. ज्या एका माणसानं माझं माप कधी पुन्हा तपासलं नव्हतं, त्यानं चार महिने समोर बसून मला आकडे वाचून दाखवले होते.

त्या संध्याकाळी मी सांगलीला फोन केला आणि झालं ते सांगितलं. मेस्त्रींचं नाव घेतलं नाही; आमच्याकडे इंजिन बदललं गेलंय, मला माहीत नव्हतं, एवढंच. मग त्या छापावरून नवं ड्रॉइंग काढलं. त्यांचा पार्ट बसला. त्यांनी पाणी फिरत असल्याचा व्हिडिओ पाठवला. मी तो मेस्त्रींना पुढे पाठवला नाही.

पुढच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं, मी येत नाही म्हणून कळवलं. शेडमध्ये मी आता सोमवारी जाते. मेस्त्री कधी जातात मला ठाऊक नाही. चेनला ग्रीस लागलेलं असतं, म्हणजे जात असावेत.

गेल्या महिन्यात त्यांच्या बायकोचा फोन आला. त्यांची बीडीडी चाळ पाडली आणि त्यांना नव्या टॉवरमध्ये जागा मिळाली. "घर बघायला या, नाही म्हणू नका. हे काही बोलत नाहीत, पण जेवत पण नाहीत धड." मी गेले. अठरावा मजला. बाईंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. मेस्त्रींनी मला खिडकीतून त्यांची जुनी चाळ होती ती जागा दाखवली. जेवताना आम्ही लिफ्टविषयी बोललो, पाण्याच्या वेळांविषयी बोललो.

निघताना ते मला बसस्टॉपवर सोडायला खाली आले. बराच वेळ बस आली नाही. ते पायातल्या चपलेकडे बघत होते. मग म्हणाले, "बाय, माझा चुकला."

मी म्हटलं, "काय चुकलं?"

माझ्या नजरेवर ढकललं ते चुकलं, हे मला ऐकायचं होतं. त्यांच्या तोंडून तेवढं एक आलं असतं, तर मी सोमवारऐवजी गुरुवारी गेले असते, हे मी स्वतःशी कबूल करते.

ते म्हणाले, "इंजिनाचा. तुका आधीच सांगूक हवा होता."

"हं," मी म्हटलं.

बस आली. चढताना त्यांनी माझा दंड धरला, पायरी उंच होती म्हणून. मी धरू दिला. ते उभे होते त्या बाजूला खिडकीशी जागा होती, पण मी पलीकडच्या बाजूला बसले.