येऊ काय आत?

दुसऱ्याच्या घरात आमच्या मांडवीच्या काकांइतक्या अदबीने शिरणारा माणूस कोकणात झाला नाही, आणि शिरल्यावर त्यांच्याइतका घोळ घालणाराही झाला नाही. जन्म बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढला. निवृत्त झाल्यावर लोक ओटीवर झोपाळा टांगतात. ह्यांनी आम्हा चाळीसेक आंबा बागायतदारांसाठी वेबसाइट काढली. तीत प्रत्येकाचं खातं, त्यात गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी आणि पत्रं. कोणाचं काही अडलं की काका आपल्या कॉम्प्युटरवरून त्याच्याच नावाने त्याच्या खात्यात जात. त्याला जे दिसतं ते ह्यांना दिसे. पडद्यावर लाल पट्टी येई, 'आपण सध्या अमुक यांच्या नावाने पाहत आहात.' त्या पट्टीचा काकांना धसका. परक्याच्या माजघरात पाऊल टाकावं तशा ते चपला खोलीबाहेर काढत, आणि त्याआधी न चुकता फोन करत, "येऊ काय आत?" आपण 'या' म्हटलं की फोन ठेवून त्याच तारेवर इंटरनेट जोडत. म्हणजे काका एकदा आत गेले की फोन एंगेज, 'थांबा' म्हणायची सोय संपली.

आत गेले की ते तोच माणूस होत. दमेकऱ्याच्या खात्यात खोकत, माझ्या खात्यात काकूंवर खेकसत. काकू विचारायच्या, "आज कोण झालायत? तो भडकू पावसवाला काय?" मी पावस गावचा, सातवी नापास, डोक्यावर पाट्या वाहून बाग उभी केली, घासाघीस केल्याशिवाय देवळात नारळसुद्धा घेतला नाही. भडकणारच. पण काकांची खरी खोड वेगळी होती. कोणाचं काही अर्धवट पडलेलं दिसलं की ते पुरं केल्याशिवाय त्यांना बाहेर पडवत नसे.

एका वर्षी अक्षय्य तृतीया तीन दिवसांवर आणि माझं ऑर्डरींचं पान कोरं. आंबा अढीत पिकत होता, कोणाला पाठवायचा ते कळेना. काकांचा फोन आला, "येऊ काय आत?" "या या, लवकर या!" म्हणालो, रिसीव्हर ठेवला आणि मग आठवलं. आदल्या दिवशी पुण्याच्या एका बाईंना उत्तर लिहिलं होतं. बाई माझं पहिलं गिऱ्हाईक, त्यांच्या शब्दावर अख्खी सोसायटी माझ्या पेट्या घेई. त्यांनी कळवलं होतं, अर्ध्या आंब्यांत साका निघाला; म्हणजे वरून सोनं, आत पांढरी आंबट गाठ. मी लिहिलं, 'आंबा कळत नसेल तर केळी खा.' तेवढ्यात पान बिघडलं, आणि ते पत्र न जाता, न खोडता तसंच पडलं होतं.

फोन लावला, एंगेज. सात वेळा लावला. मग स्कूटर काढली. वाटेत सोसायटीचे सगळे मजले डोळ्यांपुढून एकेक करून गेले. दारात काकू. "आत्ता नका जाऊ हो. तुम्हीच आहात आत."

काका पडद्यासमोर घामाघूम. "गेलं रे बाबा. पाठवलं."

"काय पाठवलं?"

त्यांनी दाखवलं. माझी केळी गायब. खाली माझ्याच नावाने लिहिलं होतं, 'ताई, साका वरून कळत नाही. पण झाड माझं, म्हणजे चूकही माझीच. दुसरी पेटी पाठवतो.'

"माझ्या नावाने माफी मागणारे तुम्ही कोण?"

"मी? मी तूच होतो की रे," काका अपराध्यासारखे म्हणाले. "तुझ्या जागी बसून बघितलं. तू रागावला नव्हतास, घाबरला होतास."

मी तासभर भांडलो. पेटी त्यांच्या परसातल्या कलमाची जाईल, आणि ह्यापुढे माझ्या खात्यात नुसतं बघायचं, बोट लावायचं नाही, ह्यावर सौदा पटला. काकांनी तो अखेरपर्यंत पाळला. पण जन्मात मी मागितलेली एकुलती एक माफी मी मागितलेलीच नाही, ही सल माझ्या मनातून गेली नाही.

आता काका नाहीत, वेबसाइटही त्यांच्याबरोबर गेली. बाई अजून पेट्या मागवतात आणि दर मोसमात त्या पत्राची आठवण काढतात. मी 'हो, हो' म्हणतो. साक्याची तक्रार आली की अजूनही तसंच तिखट उत्तर लिहितो आणि पाठवण्याआधी तासभर फोनजवळ बसतो. फोन वाजत नाही. मग माझं मीच खोडतो.