जास्तच स्वच्छ वाळू

अहो, तो दिवस आठवला की अजूनही अंगात वारं शिरतं माझ्या!

आमच्या थोरल्या जाऊबाई शहराच्या सांडपाणी केंद्रात बावीस वर्षं एकाच टाकीवर. चिंध्या, पिशव्या आधी जाळीत अडकतात, मग पाणी यांच्या टाकीत येतं. खालून हवा सोडून ते असं घुसळायचं, की वाळू तळाशी बसावी आणि बाकीची घाण पुढे जावी. मी तिथेच प्रयोगशाळेत. घरी एका ओट्यावरून भांडतो, कामावर एका डब्यात जेवतो.

रोज सकाळी जाऊबाई चिमूटभर ओली वाळू बोटांत चोळायच्या आणि चक्क वास घ्यायच्या. मी चिडवायचे, "भाजीचा तरी इतका मन लावून वास घेत जा!"

नवीन साहेब आले आणि त्यांनी हवा वाढवली. काय वाळू निघायला लागली, अगदी धुतल्यासारखी! वास म्हणून नाही. मी अहवालात ठोकून दिलं, 'उत्तम'. जाऊबाईंचा चेहरा मात्र उतरला.

"अगं, ही नुसती जाड वाळू आहे. बारीक कुठे गेली? बारीक वाळूला घाण चिकटतेच, म्हणून थोडासा वास हवाच. हवा इतकी जोरात आहे, की बारीक वाळू बसायच्या आधीच पुढे पळतेय. पुढचे पंप खाऊन टाकेल ती!"

त्यांनी साहेबांना पुढची टाकी रिकामी करायला सांगितलं.

"अहवालात तर उत्तम लिहिलंय, बाई," साहेब म्हणाले. कुणी लिहिलं होतं? मीच! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी साहेबांनी स्टोअरची चावी टेबलावर आपटली. "करतो रिकामी. पण काही निघालं नाही, तर उद्यापासून तुम्ही स्टोअर सांभाळायचं."

"कबूल," जाऊबाई म्हणाल्या.

बाई गं! बावीस वर्षं उघड्यावर पाण्याचा आवाज ऐकलेली ही बाई त्या बिनखिडकीच्या खोलीत बसणार?

दुपारपर्यंत पाणी उतरलं. तळाशी नुसता काळा गाळ. साहेब चावी खुळखुळवायला लागले. मला तर वर बघवेना.

जाऊबाईंनी लांब काठी घेतली आणि गाळात खुपसली. खस्स! मध्येच अडली. त्यांनी पाण्याचा पाइप धरला, वरचा गाळ वाहून गेला आणि खाली वाळू! बारीक, करडी, चांगली गुडघाभर! मी तिथेच नाचले. हो, नाचले, लाज कसली?

जाऊबाईंनी साहेबांपुढे हात पसरला. "चावी द्या."

"अहो बाई, राहू द्या ना आता ते स्टोअर..."

"राहू द्या कसं? फावडी तिथेच आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तीन काढ गं. एक मला, एक साहेबांना. आणि एक तुला, उत्तम लिहिलंस ना?"